थांबा हं, बघते

मावशीचा आवाज तिच्या कंपनीने चोरला, अशी आवई आमच्या इमारतीत उठली होती. खालच्या काकूंनी त्यात भर घातली, "बिचारी आता घरातसुद्धा खुणांनी बोलते म्हणे!" पराचा कावळा करायला काकूंना परही लागत नाही. मावशी खुणा करत होती हे खरं, पण भेटेल त्याला "अहो, चोरलेला नाही" हे सांगून सांगून तिचा घसा बसला होता. आवाज चोरीला गेला नव्हता. तो मागितला होता, आणि मावशीने अजून दिला नव्हता.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ती फोनवर बसते. गिऱ्हाइकाने तक्रार सांगितली की म्हणते, "थांबा हं, बघते." रिसीव्हर टेबलावर ठेवते, चपला फटफटवत मागच्या खोलीत जाते आणि मिस्त्रींना विचारते. मिस्त्रींना सगळे भोंगा म्हणतात. त्यांचं उत्तर गिऱ्हाइकाला थेटच ऐकू जातं. तरी मावशी परत येऊन ते नीट, शिव्या गाळून सांगते.

एक दिवस धाकट्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतून मावशीच बोलली. "बोला. अगंबाई, दोरा तुटतोय? थांबा हं, बघते." मग फटफट, फटफट. चपलासुद्धा!

"जुन्या रेकॉर्डिंगवरून शिकलंय," साहेब खुशीत म्हणाले. "तुमची एक सही झाली की सगळे फोन हेच घेईल. तुम्ही पार्सलकडे बसा आरामात."

मावशीला आधी हसू आलं. मग तिने काचेतून मागे पाहिलं. "आणि ही बघायला गेली कुठे?"

"कोण?"

"ही. बघते म्हणाली ना! मिस्त्री तर तिथे एकटेच जांभया देतायत."

"अहो, जायचं कशाला? उत्तर तिला आधीच ठाऊक असतं. पण तुमचं ते जाणं लोकांना आवडतं. आपल्यासाठी कुणीतरी उठलं, असं वाटतं."

"मग उठायला नको?"

साहेबांनी पेन टेबलावर गोल फिरवलं. "नाही म्हणालात तर दुसऱ्या कुणाचा आवाज घेऊ. ठरलंय ते."

म्हणजे फोनची खुर्ची दोन्हीकडून जात होती. मावशी घरी आली, भांडी घासली, पुसली, पुन्हा पुसली. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन म्हणाली, "आवाज घ्या. पण आधी 'मी यंत्र आहे' म्हणायचं. चपला नकोत, बघते नको. आणि कुणाला माणूस हवं असेल तर मला जोडायचं."

"बाई, पहिल्याच वाक्याला फोन आपटतील!"

"बघूया ना. एकच फोन. आपटला तर तुमच्या मनासारखी सही."

साहेबांनी यंत्रात तसा बदल करून ते फोनला जोडलं. पहिला फोन आला तो नेमका कोपऱ्यावरच्या शिंपीआजोबांचा. राग कायम नाकावर. मावशीने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मी यंत्र आहे," यंत्र तिच्या आवाजात म्हणालं. "बोला."

पलीकडे आजोबा खाकरले. "यंत्र? सांगितलंस ते बरं केलंस. उगाच तब्येत विचारत बसलो असतो. सुई अडकतेय, बोल."

यंत्राने उपाय सांगितला. आजोबांनी खटखट करून पाहिलं. "छे! आता तुझ्या बाईंना दे."

"जोडते."

मावशीने रिसीव्हर उचलला. "थांबा हं, बघते," म्हणाली आणि निघाली. फटफट, फटफट. मागून भोंगा गरजला. साहेबांनी सहीसाठी छापलेला कागद फाडला आणि तिच्या अटींचा नवा काढायला घेतला.

पहिलंच गिऱ्हाईक फोन आपटणार, अशी पैज आदल्या रात्री मीही मावशीशी लावली होती. हरले. पैजेप्रमाणे महिनाभर मावशीची नक्कल करणं बंद. म्हणून तर हे लिहावं लागलं, नाहीतर चपला घालून करूनच दाखवलं असतं.