कळंब्याची देवी

संस्थान विलीन झाल्यानंतर काही वर्षांनी गावच्या वस्तुसंग्रहालयाची इमारत दुरुस्तीला काढली. उंच छताची, टोकदार कमानींची जुनी इमारत. कचेऱ्यांच्या सोयीसाठी मध्यंतरी तिच्यात लाकडी आडभिंती घातल्या होत्या. त्या काढल्या, बुजवलेल्या खिडक्या उघडल्या आणि मधल्या दालनात पुन्हा उजेड आला. तिथे संग्रहाध्यक्षांनी एक चौथरा बांधून घेतला. तो कळंब्याच्या देवीसाठी होता. कळंबा गावातल्या जुन्या विहिरीचा गाळ काढताना ही दगडी मूर्ती मिळाली होती. तिचा एक हात तुटलेला होता. सगळ्या संग्रहात तिच्या तोडीचे काही नव्हते.

मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात वार्ताहर होतो. उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा वीरगळ, नाणी, खापरे, तोफा जागेवर लागल्या होत्या. चौथरा मात्र रिकामा.

"मुकादम, देवी कुठं आहे?" संग्रहाध्यक्षांनी विचारले.

सामान हलवणारा मुकादम निवांत होता. "पोचवली की, सायेब. काल सांजच्याला, पंचगंगेत. नारळ बी फोडला."

"नदीत?"

"मग? हात मोडल्याली द्येवी नव्या घरात कोण न्हेतंय व्हय?"

त्याच्या घरी आणि गावात सगळीकडे हीच रीत होती. खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. मुकादमाने आपल्या परीने काम चोख केले होते.

संग्रहाध्यक्ष चौथऱ्याच्या कडेवर बसले. दुसऱ्या दिवशी मंत्री येणार होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मुकादम, ती सापडली कुठं?"

"हिरीत."

"म्हणजे तिला आधीही कुणी तरी पोचवलंच होतं. तरी ती वर आली."

मुकादमाने मुंडासे काढून डोके खाजवले. "आसं म्हणतासा?"

"मी म्हणत नाही. तीच म्हणते आहे."

"मग चला. द्येवीच्या मनात न्हाय तर आपून कोण?"

उन्हाळ्यामुळे नदीला पाणी कमी होते. शिवाजी पेठेतल्या एका तालमीचे पैलवान दोर घेऊन आले. मूर्ती घाटापासून फार लांब गेलेली नव्हती. मी काठावर टिपणे घेत उभा होतो.

"ओ पावणं, लिवून झालं आसंल तर दोराला हात लावा की!" पाण्यातून एकजण ओरडला.

"ऱ्हाऊ दे रं, शाई सांडंल त्येंची!" दुसरा म्हणाला. सगळे हसले. मी वही खिशात घातली आणि दोर धरला.

दुपारपर्यंत देवी चौथऱ्यावर उभी राहिली. खिडकीतला उजेड तिच्या ओल्या खांद्यावर पडला होता.

मूर्तींना तेल, हळद-कुंकू लावू नये अशी पाटी संग्रहालयात पहिल्यापासून होती. ती कोणी मानत नसे. उद्‌घाटनानंतर दारे उघडली आणि बायका कुंकवाचे करंडे घेऊनच आत आल्या. संग्रहाध्यक्ष पुढे होण्याआधी मुकादम आडवा झाला.

"आक्का, कुकू लावू नगासा. खंडित हाय ती. निस्तं बघायचं."

"आगं बाई, व्हय?" म्हणून आक्कांनी करंडा मिटला. मागच्या बायकांनीही मिटले.

पुढच्या आठवड्यात पाटी उतरवली. तिच्या जागी एक स्टूल ठेवले आणि त्यावर मुकादमाची नेमणूक झाली.