चौऱ्याहत्तर सालची वही

सोलापूरच्या बाळीवेशीतला सिद्धप्पा फ्रेमवाला भित्रा होता, हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. तो स्वतःच सांगायचा. "आपल्याला बा कुत्र्याचं भ्या, साहेबाचं भ्या, आन् काचेचं तर लईच भ्या," असं म्हणत तो काच कापायचा, आणि तीस वर्षांत त्याच्या हातून एक काच वाकडी गेली नाही. भ्यालेला माणूस काम नीट करतो, असं त्याचं म्हणणं. असेल बुवा.

पण याच भित्र्या माणसानं एक भलतंच धाडस करून ठेवलं होतं. दुकानामागच्या खोलीत तो चित्रांचं प्रदर्शन चालवायचा. मोठ्या चित्रकारांचं नव्हे, त्यांना काय तोटा? ज्यांची चित्रं कुणी बघितलेली नाहीत, अशा गावातल्या माणसांचं.

सुरुवात झाली ती एका गिरणी कामगारामुळं. त्यानं स्वतः काढलेलं चित्र फ्रेम करून घेतलं आणि न्यायलाच येईना. दोन महिन्यांनी रस्त्यात गाठून विचारलं, तर म्हणतो कसा, "मालक, लावायला घरात भिंतच न्हाय की. एकीला भांडी, एकीला अंथरुणं, एकीला देव, आन् चौथी शेजाऱ्याची."

"मग फ्रेम केलीस कशाला?"

"कसं दिसतंय ते बघायचं हुतं."

बघायचं हुतं! सिद्धप्पाला ते लागलं. त्यानं मागच्या खोलीतल्या पट्ट्या आणि पुठ्ठे माळ्यावर टाकले, भिंतींना चुना मारला आणि ते चित्र तिथं टांगलं. मग एकाचं बघून दुसरा आला, दुसऱ्याचं बघून तिसरा. आठ फ्रेमा त्यानं त्यासाठी बाजूलाच ठेवल्या. पंधरा दिवस चित्रं लावायची, झालं की फ्रेम काढून ठेवायची. कुणाकडून काही घेणं नाही.

घ्यायचा तो फक्त एक गोष्ट, लिहून. त्याची अभिप्रायाची वही होती, जाड पुठ्ठ्याची, दर वर्षाला नवी. पानांना निळ्या शाईनं स्वतः नंबर घालायचा. ज्याची चित्रं, त्यानं आधी एक पान लिहायचं, मी कोण आणि का काढतो. नंतर बघणाऱ्यांनी नाव, गाव आणि काय वाटलं ते लिहायचं. न लिहिता कुणी निघाला, तर हा दारात आडवा. "आवो, फुकट बघितलंसा न्हवं? चार अक्षरं लिवा की!"

संध्याकाळी दुकान बंद झालं की तो ती पानं बायकोला वाचून दाखवायचा. नागम्मा दुधनीची. तिचं वाचणं कानडी, मराठी अक्षर तिला लागायचं नाही. पण कान असा तिखट, की एकदा ऐकलेलं ती महिन्यानं जसंच्या तसं म्हणून दाखवायची.

तर अशी आठ वर्षं बरी गेली. मग आली आणीबाणी.

सोलापुरात काय झालं आणि काय नाही, ते ज्याचं त्याला ठाऊक. सिद्धप्पाला एवढंच दिसलं, की समोरच्या हॉटेलात मोठ्यानं पेपर वाचणारे एक मास्तर एका सकाळी दिसेनासे झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या टेबलावर कुणी बसेना. बोलणारी माणसं हवापाण्याचं बोलू लागली. सिद्धप्पानं खोलीत फुलांची चित्रं लावली. फुलं संपल्यावर फळांची. फळांवर कोण खटला भरणार?

शहात्तर सालच्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात, भर दुपारी एक हवालदार दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. चौकीवर नवाच बदलून आलेला, उंच, पिकल्या मिशांचा. नाव हरिबा. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. त्यानं एकेकाकडं बघितलं, घसा खाकरला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुमच्याकडं ती वही असती न्हवं? लोकं नावं लिवत्यात ती?"

"असती की साहेब," सिद्धप्पा म्हणाला. हातातला काचेचा तुकडा त्यानं खाली ठेवला.

"चौऱ्याहत्तर सालची बघायची हुती." हवालदारानं पुन्हा गिऱ्हाइकांकडं बघितलं. "आत्ता ऱ्हाऊ द्या. परवा येतो. काढून ठेवा."

तो गेला आणि तिन्ही गिऱ्हाइकंही गेली. एकाचं तर चित्र तिथंच राहिलं.

सिद्धप्पाच्या पाचावर धारण बसली. चौऱ्याहत्तर! त्या वर्षी मे महिन्यात रेल्वेचा संप झाला होता. होटगीच्या जंक्शनवर रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन गुरुबसप्पा त्या संपात घरी बसला होता, आणि बसल्या बसल्या त्यानं चित्रं काढली होती. उभी इंजिनं, रुळांत उगवलेलं गवत, रिकाम्या फलाटावर झोपलेलं कुत्रं. जूनमध्ये ती सिद्धप्पानं लावली. बघायला होटगीहून रेल्वेची माणसं लोटली आणि सिद्धप्पानं दारात आडवं होऊन एकेकाकडून लिहून घेतलं. एक्केचाळीस जण! नाव, गाव, हुद्दा, आणि खाली जे काय मनात होतं ते. आणि मनात होत्या त्या सरकारला घालायच्या शिव्या, दुसरं काय?

"माज्या हातानं यादी केली गं," तो नागम्माला म्हणाला. "पोलिसाला सुद्धा इतकी नीट जमली नसती. वर नंबर घालून!"

नागम्मा म्हणाली, "त्यानं नुसतं बघतो म्हटलं की. बघू दे."

"पोलीस नुसतं बघतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी तो होटगीला गेला. गुरुबसप्पाच्या बायकोनं त्याला दारातच ओळखलं आणि तिचं तोंड उतरलं. गुरुबसप्पाला संपानंतर काढून टाकलं होतं आणि कशीबशी मागच्या वर्षी नोकरी परत मिळाली होती. सिद्धप्पाचं त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सिद्धप्पाण्णा, माजं जाऊ द्या. बाकीच्या एक्केचाळीस जणांनी तुमी आडवलंसा म्हणून लिवलं. न्हाय तर ती चित्रं बघून गप घरी जाणार हुती."

हे ऐकायला तो गेला नव्हता, पण हेच खरं होतं.

वही लपवावी कुठं? ज्वारीच्या कणगीत? पोलीस पहिलं तिथंच बघतात. दुधनीला सासुरवाडीला पाठवावी? वाटेत झडती झाली तर ते घरही बुडालं. संपाची तेवढी पानं फाडावीत? पण नंबर! सतरानंतर एकदम सव्वीस आला, की मधली कुठं गेली विचारणारच. स्वतःच्या निळ्या शाईला त्यानं मनापासून शिव्या घातल्या.

परवाचा दिवस उजाडला. नागम्मानं अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवला होता. सिद्धप्पा वही घेऊन अंगणात आला आणि पुठ्ठा मोडून पानं आत सारायला लागला.

"बेड री, बेड," नागम्मा त्याचा हात धरून म्हणाली. नको हो, नको. "किती लोकांचं लिवलेलं हाय."

"म्हणूनच!" तो ओरडला. आयुष्यात बायकोवर पहिल्यांदा ओरडला असेल.

एक पान घालताना हात अडला. पान एकतीस. कडेला कोळशाचा अंगठा उमटलेला. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत मंगळवेढ्याकडच्या एका धनगराच्या पोरीची चित्रं लावली होती, तिचं हे पान. ताना तिचं नाव. वडील सरकारी नोकरीत, एवढंच सांगायची; बाकी पानात होतं, पण ते पुन्हा वाचायला आता वेळ कुठला? कोळशानं मेंढरं काढायची आणि लिहितानाही बोटं पुसायची नाही. या पानाला ना संप ना सरकार. त्याला वाटलं, एवढं एक ठेवावं. पण जळालेल्या वहीतलं एकच पान घरात सापडलं तर? वही होती हेच सिद्ध झालं की. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! त्यानं तेही आत सारलं आणि बंबाचं झाकण लावलं.

अकराच्या सुमाराला हवालदार आला. अंगावर वर्दी नव्हती. धोतर, सदरा, डोक्याला पटका, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. दुकानात कुणी नाही हे बघून तो आत आला आणि न सांगता स्टुलावर बसला.

सिद्धप्पानं पाठ करून ठेवलेलं बोलून टाकलं. "साहेब, वहीला वाळवी लागली. पार माती झाली बघा."

"समदीच?"

"समदीच."

हवालदारानं पुडकं सोडलं. आत एक चित्र होतं, कोळशानं काढलेलं. दोन पाय, तळव्यांच्या बाजूनं, भेगा पडलेले. सिद्धप्पाला ते एकदम ओळखू आलं. दिवाळीत ते दाराच्या समोर लावलं होतं आणि सगळे म्हणाले होते, शेतकऱ्याचे पाय आहेत.

"ताना माजी लेक," हवालदार म्हणाला. "तुमच्याकडं तिनं चितरं लावली, तवा मी आलो न्हाय. चितरं काढून काय पोट भरतंय, म्हणलो. लगीन करून दिलं मंगळवेढ्याला. गेल्या म्हैन्यात बाळंतपणात गेली. तिची ट्रंक परत आली, त्यात ह्यो कागद. तिची आई म्हणती, हे कुणाचं पाय हैत ते पोरीनं तुमच्या वहीत लिवलंय. म्हणून परवा आलतो. चार माणसांत कसं बोलायचं?"

अंगणातल्या बंबातलं पाणी अजून कोमट होतं.

आता गप्प राहिला असता तर कुणाला काय कळणार होतं? वाळवी ती वाळवी. पण ते पाय समोर पडले होते.

"साहेब, वाळवी न्हाय. म्या जाळली. आज सकाळी."

हवालदारानं विचारलं, "मला भिऊन?"

"व्हय."

बाहेरून एक टांगा गेला. हवालदारानं चित्राच्या कडा सारख्या केल्या. तेवढ्यात आतल्या दारातून नागम्मा पुढं आली. पदर सारखा करत, भिंतीकडं बघत, तिनं लहान पोरीनं पाठ म्हणावं तसं सुरू केलं.

"माझं नाव ताना. मी मेंढरं काढते, कारण ती हलतात आणि मला ती पकडायची असतात. माझ्या वडलांना चित्रं आवडत नाहीत. ते ड्युटीवरून येऊन झोपले की मी त्यांचे पाय काढते. झोपले की ते पोलीस नसतात, माझे असतात."

कानडी वळणाच्या तोंडात एक अक्षर इकडचं तिकडं झालं नव्हतं. सिद्धप्पाला ते पान डोळ्यांसमोर दिसलं, कडेच्या अंगठ्यासकट.

हवालदाराची मान खाली गेली. तो आपल्या पायांकडं बघत होता, चपलेतल्या. त्यानं विचारलं, "आसंच लिवलं हुतं?"

"आस्संच!" सिद्धप्पा म्हणाला. "देवाशपथ साहेब."

हवालदार उठला. त्यानं कागद पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला, सावकाश, घडीवर घडी. रागावला नव्हता तो. रागावला असता तर बरं झालं असतं.

"बत्तीस वर्सं झाली नोकरीला," तो म्हणाला. "मला बरं वाटंल तेच समदी सांगत्यात, मालक. भिऊन. लिवलेलं असतं, तर मानलं असतं."

तो पायरी उतरला. सिद्धप्पा धडपडत दारात आला. कुत्र्याला, साहेबाला, काचेला भिणारा तो माणूस भर बाळीवेशीत गळा काढून ओरडला, "खरं हाय वो! शपथेवर खरं हाय! तुमचंच पाय हैत ती!"

हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. टांगेवाल्यानं बघितलं, पानवाल्यानं बघितलं. हवालदारानं मात्र मागं वळून बघितलं नाही.