रिमोटमधला सेल

सकाळी सातला बायको युनिफॉर्म चढवून बाहेर पडते आणि घर माझ्या ताब्यात येतं. ती हवाई दलात आहे. मी मोहालीतल्या एका कंपनीचं काम घरून करतो आणि उरलेल्या वेळात दोन मुलं सांभाळतो. किंवा उलटं म्हणा. चंदीगडला बदली झाली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती आणि मुलगा अजून जन्माला यायचा होता. क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून एका कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, वरचा मजला भाड्याने घेतला आणि तिथेच रुळलो. खालच्या मजल्यावर घरमालकीण आंटी एकट्या राहतात.

स्वच्छतेचं वेड मला आधी नव्हतं. लग्नाआधी पुण्यात चार मित्रांबरोबर राहायचो, तेव्हा आमच्या खोलीत पाय ठेवायला कुणी धजावायचं नाही. वेड लागलं ते इथे आल्यावर. बायकोच्या ऑफिसातले लोक एकदा जेवायला आले होते. जाताना एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "भाई, घर तो बढ़िया रखा है।" तो मनापासून बोलत होता, पण त्या 'तो'मधलं आश्चर्य मला ऐकू आलं. त्यानंतर सासूबाई नाशिकहून आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रॅकमधलं एक पातेलं काढलं, उजेडाकडे धरून आतून पाहिलं आणि एक अक्षर न बोलता पुन्हा घासलं. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे कितीतरी दिवस मी भांडी लावताना प्रत्येक पातेलं उजेडाकडे धरून बघत होतो.

दोन लहान मुलं असलेल्या घरात स्वच्छता अर्धा तास टिकते. मला ती दिवसभर टिकवायची होती. मुलगी खेळायला लागली की मी तिच्या मागे टोपली घेऊन उभा. "ते झालं असेल तर आत ठेव, मग दुसरं काढ." बाळ रांगायला लागल्यावर तर फरशी दोनदा पुसायला लागलो. मीटिंग चालू असताना माझं लक्ष स्क्रीनपेक्षा सोफ्याखालच्या कुरमुऱ्यांवर जास्त असायचं.

तो मे महिन्यातला दिवस. आदल्या संध्याकाळी जोराची आंधी आली होती. इथली आंधी एकदा आली की खिडक्या कितीही घट्ट लावा, धूळ आत येतेच. सकाळी उठलो तर खुर्च्यांवर, फ्रिजवर, बाळाच्या पांघरुणावरसुद्धा पिवळट थर. कामाला येणारी दीदी लग्नासाठी गावाला गेलेली. आणि दुपारच्या विमानाने सासूबाई यायच्या होत्या.

मुलीला शाळेची सुट्टी होती. तिने हॉलभर खेळ मांडला होता. मी झाडू हातात घेऊन आलो आणि आवाज चढला. "आज जमिनीवर एक वस्तू जरी दिसली ना, तर सरळ कचऱ्यात जाईल! आजी येतेय, कळतं का तुला?"

"ओके बाबा," ती म्हणाली आणि मुकाट्याने आवरायला लागली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते हिंदीत. त्या दिवशी तिचा 'ओके' फार बारीक आला होता. हे मला आता आठवतं, तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

कानात हेडफोन लावून, मीटिंग ऐकत मी सगळं घर झाडलं. तीन सुपल्या धूळ निघाली. ती केराच्या डब्यात टाकली, फरशी पुसली. दहा महिन्यांचं बाळ माझ्या मागे मागे ओल्या फरशीवर रांगत होतं. अकराच्या सुमाराला काम संपलं आणि मी टीव्हीच्या टेबलावरच्या वस्तू सरळ करायला गेलो. तिथे दिवाळीतल्या रंगीत लाइटच्या पट्टीचा छोटासा रिमोट होता, बिस्किटाएवढा. त्याचा सेलचा खण बाहेर ओढलेला होता. आत सेल नव्हता.

हा सेल चपटा, गोल असतो, कोटाच्या बटणाएवढा. तो मुलाने गिळला आणि अन्ननळीत अडकला तर काही तासांत आतून भाजतो, हे मी कुठेतरी पाहिलं होतं. पाहिलं आणि तेवढ्यापुरता घाबरून विसरून गेलो होतो. आता रिमोट हातात घेऊन उभा असताना ते सगळं आठवलं.

बाळ सोफ्याजवळ बसून रबरी मासा चावत होतं. तोंडातून लाळ गळत होती. दात येत असल्याने महिनाभर त्याची लाळ गळतच होती. पण त्या क्षणी ती मला वेगळी दिसायला लागली. मी त्याच्या तोंडात बोट घालून चाचपलं. ते रडलं आणि खोकलं.

मी मुलीला हाक मारली. "यातला सेल कुठाय?"

"पता नहीं."

"तू काढलास?"

"नहीं."

"बाळाने तोंडात घातला का? नीट आठवून सांग."

तिने बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शायद," ती म्हणाली.

तेव्हाच गाडी काढायला हवी होती. पण मला वाटलं, सेल सापडला तर प्रश्नच मिटला. आणि सापडणार कुठे? सकाळपासून जमिनीवर जे काही होतं ते मीच झाडून नेलं होतं. घर इतकं स्वच्छ होतं की शोधायला काही उरलंच नव्हतं. कचऱ्याची गाडी अजून आली नव्हती, एवढंच नशीब. मी हॉलच्या मधोमध वर्तमानपत्रं पसरली आणि दोन्ही डबे उलटे केले. ओला कचरा, सुका कचरा, तीन सुपल्या धूळ, बाळाचे डायपर. गुडघ्यांवर बसून मी ते सगळं हाताने चिवडत होतो. चहाचा चोथा बोटांनी पसरून पाहत होतो. चकाकणारं काही दिसलं की झडप घालायचो. तो चॉकलेटचा कागद निघायचा. सोफा उलटा केला. गाद्या उभ्या केल्या. मुलगी दाराच्या चौकटीला चिकटून बघत होती.

बायकोला फोन लावून उपयोग नव्हता. त्यांचे फोन आत जाताना गेटवरच जमा होतात. मी एक्स्चेंजचा नंबर फिरवला. पलीकडून शांत आवाज आला, "मैडम मीटिंग में हैं, सर।"

"उन्हें बाहर बुलाइए। बच्चे का मामला है," मी ओरडलो.

सोफ्याचा आवाज ऐकून आंटी वर आल्या. दार उघडंच होतं. "की होया पुत्तर?"

मी सांगितलं. सांगताना माझे हात चोथ्याने बरबटलेले होते. त्यांनी कचऱ्याकडे पाहिलं, बाळाला उचललं आणि म्हणाल्या, "एत्थे की लभ रेहा एं? चल, गड्डी कड्ढ।" इथे काय शोधत बसलायस, गाडी काढ. मी हातसुद्धा नीट धुतले नाहीत. जिना उतरताना एक्स्चेंजला पुन्हा फोन करून हॉस्पिटलचं नाव तेवढं सांगितलं.

मुलांच्या हॉस्पिटलला जाताना वाटेत चार चौक लागतात. इथल्या सिग्नलला आकडे उलटे मोजत जातात. एरवी मला ते सोयीचं वाटतं. त्या दिवशी नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी असे आकडे बघताना मी स्टिअरिंगवर बोटं आपटत होतो. मागच्या सीटवर आंटींच्या मांडीवर बाळ कुरकुरत होतं. ते गप्प झालं की मी मागे वळून बघायचो, आणि रडायला लागलं की पुन्हा बघायचो. "तू अग्गे वेख," पुढे बघ म्हणून आंटी दटावत होत्या. मुलगी त्यांच्या शेजारी अंग चोरून बसली होती. तिच्याकडे मी एकदाही पाहिलं नाही.

इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर होती. तिने बाळाची छाती तपासली, घसा पाहिला आणि विचारलं, "कितनी देर हो गई?"

"सेल नहीं है, ये पता चले... चालीस मिनट।"

"आप रहते कहाँ हैं?"

मी सेक्टर सांगितला. तिथून पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, हे तिलाही माहीत होतं. "बाकी टाइम?"

"घर में ढूँढ रहा था।"

ती रागावली नाही. "ऐसे में ढूँढते नहीं हैं, सीधे आते हैं। कुछ खिलाया-पिलाया तो नहीं?" एवढंच म्हणून तिने कागदावर एक्स-रे लिहिला. ती पंचवीस मिनिटं अजूनही माझ्या डोक्यातून जात नाहीत.

एक्स-रेच्या खोलीत जड एप्रन घालून मीच बाळाला धरलं. दोन्ही हात डोक्याजवळ दाबून. ते माझ्याकडे बघत जिवाच्या आकांताने रडत होतं, आणि एवढं मोठ्याने रडतंय म्हणजे घसा मोकळा आहे का, की उलट दुखतंय म्हणून रडतंय, हे मला ठरवता येत नव्हतं. मग बाहेर बाकावर बसलो. किती वेळ ते आठवत नाही. आंटी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होत्या.

डॉक्टरने बोलावून स्क्रीन दाखवला. घसा, छाती, पोट. बारीक बारीक बरगड्या. "कुछ नहीं है। बैटरी होती तो साफ़ दिखती, एकदम गोल।"

मी तिला तीनदा विचारलं. तिने तीनदा तेच सांगितलं. मग मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो आणि लगेच मनात आलं, मग तो आहे कुठे? म्हणजे घरातच आहे. संध्याकाळी हा पुन्हा त्याच फरशीवर रांगणार.

तेवढ्यात बायको आली, युनिफॉर्ममध्ये, जवळजवळ पळतच. तिने आधी बाळाला घेतलं. मी भराभर सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि बाळाला माझ्याकडे देऊन मुलीसमोर उकिडवी बसली.

"सेल कुठे गेला, तुला माहितीये?" बायकोने हळू आवाजात विचारलं.

मुलीने मान हलवली. माहीत होतं.

"मग सांग की बाबाला."

"बाबा चिल्लाएँगे."

"मला सांग. कानात सांग."

तिने आईच्या गळ्यात हात टाकून कानात सांगितलं. रिमोटशी खेळताना खण बाहेर आला आणि सेल पडला. परत बसवता येईना. आणि बाबा म्हणाले होते, जमिनीवर काही दिसता कामा नये. म्हणून तिने तो मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनचा पाइप जातो त्या भोकात टाकला. मी विचारलं तेव्हा ती घाबरली. बाळाने गिळला असेल का, असं मीच विचारलं होतं. तिने फक्त 'शायद' म्हटलं.

बाळाला कुशीत धरून मी तिथे उभा होतो. तिच्यावर ओरडावं असं वाटलं नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. कान गरम झाले होते, एवढं आठवतं.

सासूबाईंना विमानतळावरून आणायचं होतं, हे आम्हाला परतीच्या वाटेवर आठवलं. घरी पोचलो तर दार सताड उघडं. आम्ही निघताना ते लावलंच नव्हतं. सासूबाई टॅक्सीने आल्या होत्या. उलट्या सोफ्याच्या बाजूला खुर्ची ओढून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. समोर वर्तमानपत्रावर कचरा, वास मारणारा.

"अहो, मला वाटलं चोरी झाली," त्या म्हणाल्या. "फोन लावतेय तर कुणी उचलत नाही. पोरं कुठायत?"

मी थेट मागच्या बाल्कनीत गेलो, पाइप बाजूला केला, जाळी उचकटली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. केस, कपड्यांचा भुगा, काळा गिळगिळीत गाळ. दोन वर्षांत मी ती जाळी एकदाही उघडली नव्हती. तळाशी बोटाला ते गोल, गुळगुळीत लागलं. बाहेर काढून नळाखाली धरलं. सेलच होता.

मागे वळलो तर सासूबाई उभ्या. त्यांनी माझ्या काळ्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. "सापडला ना? मग झालं," त्या म्हणाल्या. "तुम्ही अंघोळ करा. मी तेवढं हॉलमधलं गोळा करते." मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी पदर खोचला होता.

संध्याकाळी चहा घेताना बायको म्हणाली, "घर थोडं अस्ताव्यस्त असलं तरी मला चालतं. खरंच चालतं. पण ती माझ्या कानात बोलली, तुझ्या नाही. याचं काहीतरी कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या वेण्या घालताना मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"आप गुस्सा होते."

"झालो असतो," मी कबूल केलं. "पण तरी सांगायचं. मी ओरडलो तर ती माझी चूक."

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "पक्का?"

"पक्का."

त्या दिवसाला आता वर्ष होत आलं. फरशी मी एक दिवसाआड पुसतो. घरातल्या प्रत्येक रिमोटला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, आणि बाळ खोकलं की मी अजूनही दचकतो. मुलगी सांगते कधी कधी. कधी नाही सांगत. परवा तिच्या हातून दुधाचा ग्लास निसटला, धुतलेल्या चादरीवर सगळं दूध गेलं. तिने चादरीकडे पाहिलंच नाही. आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी हसायचा प्रयत्न केला, पण ते हसू बहुधा उशिरा आलं.