फ्लॅक्सबँकची आंधळी खिडकी

एफी मंकरला ड्रमकेर्न गावात कुणी रंगारी म्हणत नसे. डेव्हीची पोर म्हणत. डेव्ही मंकरने उभा जन्म गावाची दारं-खिडक्या रंगवल्या आणि रंगातल्या शिशाने त्याला आतून पोखरलं. आता तो चुलीपाशी खोकत बसे. मुलगा सँडी महायुद्धानंतर कॅनडात गेला तो तिकडचाच झाला. राहिली एफी, आणि परसातली शिडी.

रंग घोटण्यापासून ब्रश धुण्यापर्यंत सगळं काम एफीच्या हातात मुरलेलं होतं. पण बाई शिडीवर चढलेली रस्त्यावरून दिसावी, हे गावाच्या घशाखाली उतरत नव्हतं. चर्चचे कारभारी टॉमस गाउडी यांनी तर तिला पावाच्या दुकानात सगळ्यांदेखत ऐकवलं, "पोरी, शिडी चढायला देवाने पुरुष केलेत."

"आणि ते सफरचंद तोडायला हव्वेने कुठल्या पुरुषाला हाक मारली होती, मिस्टर गाउडी?"

पाववाल्याची बायको आयना पिठात तोंड घालून हसली. पण हसण्याने काम मिळत नाही. एफीच्या वाट्याला येत ती आतली कपाटं आणि मोऱ्या. रंगारी म्हणून उभं राहायचं तर गावात एकच घर होतं. ते मिळालं की बाकीची आपोआप मिळणार होती.

ते घर म्हणजे फ्लॅक्सबँक. सव्वाशे वर्षांपूर्वी जवसाच्या धाग्याचा व्यापार करून गबर झालेल्या एका माणसाने बांधलेलं. दर्शनी बाजूला साखरेच्या वडीसारखे घासूनपुसून बसवलेले दगड. बाजूच्या भिंतींना मात्र शेतातले ओबडधोबड धोंडे, कारण त्या बाजूने बघतो कोण? दाराला दोन खांब, दारावर पंख्यासारखी अर्धगोल काच, आणि वर पाच खिडक्यांची रांग. त्यातल्या चार खऱ्या. पाचवीच्या जागी आतून धुराडं जातं. पण मालकाला तोल हवा होता, म्हणून गवंड्याने दगडात खिडकीएवढा खळगा कोरला आणि रंगाऱ्याने त्यात खिडकी काढली. गावातले लोक सांगत, पूर्वी खिडक्यांवर सरकारची पट्टी होती, ती चुकवायला ही बुजवली. डेव्ही म्हणे, "कसली पट्टी. धुराला वाट द्यायची होती आणि दिमाखही दाखवायचा होता." गाउडींना ते घर बघवत नसे. खोटी खिडकी म्हणजे दगडात कोरलेली थाप, असं ते म्हणत. आणि त्यांचं स्वतःचं घर नेमकं तिच्यासमोर.

घराची मालकीण मिस अर्स्किन एकटी राहणारी, काटेकोर बाई. ती एफीला म्हणाली, "आधी ती आंधळी खिडकी करून दाखव. मला पटली तर वसंतात अख्खं घर तुझं. नाही पटली तर फोरफार शहरातून माणूस बोलावते."

डेव्ही नेहमी काळ्या काचा आणि पांढऱ्या पट्ट्या काढून मोकळा व्हायचा. एफीने वरून अर्धा खाली ओढलेला मलईरंगी पडदाही काढला, दोरीच्या गोंड्यासकट.

"गोंडा कशाला?" डेव्हीने विचारलं.

"बाकीच्या चौघींना पडदे आहेत, बाबा. ही एकटीच उघडी बसते."

फाटकातून बघितलं तर खरी कुठली नि खोटी कुठली, कळत नव्हतं. मिस अर्स्किन नुसती हुं म्हणाली. तिच्या तोंडून हुं म्हणजे पुष्कळ होतं.

आणि त्याच आठवड्यात टॉमस गाउडी वारले.

ड्रमकेर्नची रीत अशी की प्रेतयात्रा रस्त्यावरून जाते तेव्हा दोन्ही बाजूंच्या घरांचे पडदे पूर्ण खाली येतात. मिस अर्स्किनने एफीला बोलावून घेतलं. "माझे चारही पडदे खाली असतील आणि तुझा तो पाचवा अर्धा डोळा उघडा ठेवून चर्चच्या कारभाऱ्याकडे टकामका बघत बसेल. याच्यापेक्षा फोरफारचा माणूस परवडला."

"उद्या तोही खाली येईल, मिस," एफी म्हणाली. "खडू आणि थोडा सरस पाण्यात कालवून वरून हात मारते. नंतर ओल्या फडक्याने पुसलं की खालचा तेलरंग जसाच्या तसा."

"आणि पाऊस आला तर?"

"नाही येणार," एफी म्हणाली, जसं काही ढग तिला विचारूनच निघत होते.

सकाळी तिने पडदा पार खाली आणला, गोंडा बरोबर चौकटीवर टेकवला. मग हात धुऊन समोर गाउडींच्या घरी गेली. तिकडे दफनाला पुरुषच जातात. बायका घरात थांबतात, चहा करतात आणि पडद्याच्या कडेने बघतात.

पेटी निघाली. काळे कोट मागे चालू लागले. कुणाचे डोळे ओले नव्हते. गाउडींनी हयातभर कुणाला तसा लळाच लावला नव्हता. त्यांची बायको मार्गरेटही कोरडीच बसली होती. आणि पेटी रस्त्यावर, फ्लॅक्सबँकसमोर आली तेव्हा भुरभुर सुरू झाली.

एफी कप ठेवून पडद्याच्या कडेशी सरकली. समोरच्या पांढऱ्या पडद्यावरून एक ओघळ उतरला, मग दुसरा, मग चौकटीवरून थेट भिंतीवर. गेलं घर, तिच्या मनात आलं. गेलं सगळं.

"बघा गं," मार्गरेट म्हणाली. "ती खिडकी रडतेय."

"चला, कुणीतरी रडलं," आयनाच्या तोंडून निघून गेलं.

सगळ्या बायका मार्गरेटकडे वळल्या. मार्गरेटच्या खांद्यांना हिसके बसू लागले. बायकांना वाटलं आता फुटली, पण ती हसत होती. "जन्मभर त्या खिडकीला थापाडी म्हणाला," ती हसता हसता म्हणाली, "आणि आज तीच..." तिथे तिचं हसणं मोडलं. मग ती रडली, पोटभर रडली, आणि तिच्यामागून बाकीच्याही.

दुपारी मिस अर्स्किन भेटायला आली. घरात बसून तिला आपल्याच घराचं तोंड दिसलेलं नव्हतं. मार्गरेटने तिचा हात धरला. "तुझे उपकार झाले, बाई. तुझ्या घराने माझ्या माणसाची कदर केली."

मिस अर्स्किनने एफीकडे बघितलं. एफीने चहाच्या किटलीकडे बघितलं. मग मिस अर्स्किन दारापर्यंत गेली आणि समोर बघत उभी राहिली. पाऊस ओसरला होता. खडूचा पडदा धुऊन गेला होता आणि मूळचा मलईरंगी पडदा पुन्हा अर्ध्यावर, गोंड्यासकट.

"वसंतात सुरू कर," ती म्हणाली. "दार हिरवंच ठेवायचं. आणि पुढच्या वेळी सरस जास्त घाल."

"जास्त घातला तर उतरणार नाही, मिस. पडदा परत वर जायला हवा ना."

"हुं," मिस अर्स्किन म्हणाली.

त्या वसंतात एफी फ्लॅक्सबँकच्या शिडीवर चढली ती पुढे गावभर चढतच राहिली. आणि ड्रमकेर्नमध्ये कुणी गेलं की दफनाच्या आदल्या दिवशी ती खडू कालवू लागे. म्हातारेकोतारे आपल्या दिवशी भुरभुर पडावी म्हणून हळूच देवाला सांगून ठेवत. आयना तर उघडच म्हणायची, "माझ्या वेळी सरस अगदी चिमूटभर घाल गं, एफी. माझ्यासाठी धो धो रडू दे तिला."

डेव्ही गेला तेव्हा मात्र लख्ख ऊन होतं. पडदा दिवसभर पांढराशुभ्र राहिला, एक ओघळ नाही. दुसऱ्या सकाळी एफीने बादली भरली. आयनाने खाली शिडी धरली.

"आणखी एक दिवस राहू दे की," आयना म्हणाली. "बाप होता तुझा."

"म्हणूनच," एफी वरून म्हणाली. "खिडकीचं काम अर्धवट सोडलेलं त्याला खपायचं नाही." आणि ओल्या फडक्याने तिने पडदा वर घेतला.