वालाच्या शेतातलं पाऊल

गेली तीस वर्षं मी पेणला गणपतीच्या कारखान्यात आहे. साचे काढायचे आणि मूर्तीच्या हातापायांचं फिनिशिंग करायचं. या कामात बोलावं लागत नाही, आणि मलाही ते बरं वाटतं. आयुष्यात एकदाच नको तेवढं बोललो. ते आज लिहून टाकतो.

माझी सासुरवाडी रोह्याजवळ, अष्टमी गावावरून रिक्षाने वीसेक मिनिटं आत. सासूबाईंचं एक शेत अगदी डोंगराला लागून आहे. भात निघालं की तिथे त्या वाल पेरायच्या. भाताला घरदार राबायचं, वाल मात्र त्यांच्या एकटीचे. त्यांच्या नवऱ्यामागे त्या शेतानेच त्यांना उभं ठेवलं, असं माझी बायको सांगते.

चार वर्षांपूर्वी वाल नुकते उगवून आले होते आणि अवकाळी पाऊस झाला. दोन-तीन दिवसांनी शेतात पावलं दिसली. हातभर लांब, पुढे बोटं, मागे टाच. आम्ही तेव्हा तिथेच होतो. अर्धा गाव बांधावर जमला. कुणीतरी मोबाइलवर हिममानवाच्या पावलाचा फोटो शोधून शेजारी धरला.

"सेम टू सेम हाय रं!"

"आपल्या डोंगरात बर्फ कुठं हाय?"

"मंग थंडीचा इकडं आला आसंल, वाल खायाला."

सगळे हसले, पण पुढे कुणी सरकेना. माझे थोरले साडू कंपनीत सुपरवायझर. घरात सल्ला विचारायचा तो त्यांना. मी मातीतला माणूस, मला कोण विचारणार? त्या दिवशी मात्र मेहुणा माझ्याकडे वळला. "भावोजी, तुमचा जन्म पाय घडवन्यात गेला. तुमी सांगा."

मी उकिडवा बसलो. वीत लावली. बोटांच्या खोबणीत बोट घालून पाहिलं. सगळे गप्प होते, साडूसुद्धा. ती शांतता मला इतकी आवडली की मी म्हणालो, "हे माणसाचं नाही. माकडाचंही नाही. दोघांच्या मधलं काहीतरी आहे."

जावयाचा शब्द तिथे कुणी खोडत नाही. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

पुढच्या रविवारी मी पेणहून प्लास्टर घेऊन गेलो. एका पावलात ओतलं, घट्ट झाल्यावर उचललं आणि गोणपाटात गुंडाळून कारखान्यात आणलं. पुरावाच काढायचा होता मला. ब्रशने माती झाडता झाडता माझे हात थांबले. तळव्याच्या मध्यावर आणखी एक टाच उमटलेली होती. हे एक पाऊल नव्हतं. एकाच्या पावलात दुसऱ्याने, जरासा पुढे, पाय ठेवला होता. मागच्या टाचेवर तर तिरका जुना व्रण स्वच्छ दिसत होता. सासूबाईंच्या उजव्या टाचेला कधीतरी विळा लागला होता, आणि तो व्रण मी कितीदा पाहिला होता.

मग सगळं उलगडलं. वाल कोवळे असताना शेतात शिरलं, तर पुढच्या बाईच्या पावलातच मागची पाय टाकते. एकही रोप तुडवायचं नाही म्हणून. पावसानंतर सासूबाई आणि त्यांची उंच शेजारीण वाल पडले का ते बघायला गेल्या होत्या, हे त्यांनीच मला जेवताना सांगितलं होतं.

मेहुण्याचा फोन आला. मी म्हणालो, "साचा फुटला." आणि तो रिकाम्या गोण्यांखाली सारून ठेवला.

पुढे काय होतंय ते मला दिसत होतं, तरी मी गप्प राहिलो. सासूबाई शेतावर जायच्या बंद झाल्या. मजूर यायला तयार होईनात. पुढच्या पावसात तिथे भातही लागलं नाही. हिवाळ्यात बायको बाजारातले वाल आणून बिरडं करायची आणि म्हणायची, "आईच्या वालांची चव नाही याला." मी मान खाली घालून जेवायचो.

गेल्या दिवाळीत मेहुण्याने सांगितलं, वडखळच्या एकाने फार्महाऊससाठी गिऱ्हाईक आणलंय, आई सही करायला तयार आहे. "भीतीचं शेत ठेवून काय करू," म्हणते.

दुसऱ्या दिवशी मी गोण्या उपसल्या. पिशवीत साचा घालून, बायकोला घेऊन रोह्याची गाडी पकडली. वाटेत तिला सगळं सांगितलं.  नागोठणं गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "तू सांग हं. मी नाही सांगणार."

पडवीत साचा ठेवला आणि मी एका दमात बोलून टाकलं. सासूबाईंनी उजवा पाय मांडीवर घेतला, टाच वर केली, साच्याशेजारी धरली. व्रणाला व्रण जुळला. 

"म्हंजे चार वरसं मी माज्याच पायाला भ्याले?"

"हो, आई."

"आनि तुमाला म्हाईत व्हतं."

"हो."

त्यांनी शेजारणीला हाक मारली. "ये गो इकडं! जावयानं तुला न् मला माकडीन केलीय, बग!"

शेजारीण आली, साच्याकडे पाहिलं, आपली बोटं ओळखली आणि खांबाला धरून हसायला लागली. सासूबाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला एकेरीत बोलल्या. "तोंड नव्हतं व्हय रे तुला? तवाच सांगितलं आस्तंस तर काय तुजा मान ग्येला आस्ता? माजं शेत पडीक ग्येलं ना!" बोलत राहिल्या, चांगला पाऊण तास. मेहुणा मध्ये पडायला आला, तर त्यालाही बोलणी बसली. "आनि तू, त्या वडखळवाल्याला फोन कर. शेत इकायचं नाय म्हनून सांग."

मी खाली मान घालून ऐकत होतो. खरं सांगतो, इतकं हलकं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

सकाळी त्या कोयता घेऊन निघाल्या. सोबत येऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "नको. आदी मला एकटीला बगू दे." त्या वळणाआड जाईपर्यंत मी पडवीत उभा होतो.

दुपारी परतल्या. साडीला कुसळं, हातावर ओरखडे. "रान माजलंय. बांध दोन जागी फुटलाय. वाल आता पुढल्या वरसालाच," म्हणाल्या, आणि पाय धुऊन जेवायला बसल्या. भात दोनदा मागून घेतला.