एसटीने गेलेला ट्रक

सुनेच्या मोबाइलमध्ये एक निळा ठिपका आहे. तो म्हणजे आमचा ट्रक. तिनं पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी चष्मा पुसून घेतला आणि विचारलं, "अन् माझा लेक कुठं हाय यात?"

"ठिपक्यातच हायेत ते, आई. गाडी तेच चालवून राह्यले ना."

ठिपका जरासा सरकला, थांबला, पुन्हा सरकला.

"आता काहून थांबला होता?"

"ढोरं आडवी आली असतील."

"ढोरं दिसतात काय तुले?"

"नाई दिसत. ढोरांले कुठं डबी लावली हाय?"

डबी म्हणजे या सगळ्याचं मूळ. अंगाच्या साबणाएवढी, काळी, खाली लोहचुंबक. ट्रकच्या सीटखाली लोखंडाला चिकटवून ठेवायची. ती आकाशातल्या उपग्रहांकडून आपली जागा समजून घेते आणि सुनेच्या मोबाइलला कळवते, असं मला समजावून सांगण्यात आलं. मला ते पटलं, पण पुरतं नाही. त्या डबीला ना डोळा, ना कान. मग तिला कळतं कशानं? एका दुपारी ट्रक अंगणात उभा असताना मी केबिनमध्ये चढले, सीटखाली वाकले आणि "हॅलो" म्हणून पाहिलं. सुनेनं खिडकीतून विचारलं, "आई, कोणाशी बोलून राह्यल्या?" मी म्हटलं, "गुडघ्याशी."

आम्ही आर्णीचे. ट्रक आधी आमचे हे चालवायचे. ते गेले, आता लेक चालवतो. माल मिळवणं, फोन, कागदपत्रं हे सगळं सून पाहते. या हंगामात तिनं कोणा दलालाला मध्ये न घेता, स्वतःच्या बोलण्यावर एक काम मिळवलं होतं. लातूरकडच्या एका तेलाच्या कारखान्याला सोयाबीन पोचवायचं. पहिली खेप नीट गेली तर हंगामभर खेपा. अट एकच होती. ट्रक निघाला की त्यांना लिंक द्यायची, म्हणजे त्यांच्याही पडद्यावर ठिपका दिसतो. ज्याचा ठिपका वाटेनं हलताना दिसतो, त्याचाच गाडी खाली करायला नंबर लागतो. बाकीच्यांनी मागं उभं राहायचं, आणि त्यांना पुन्हा बोलावणं येईलच असं नाही. कारखान्यातली फोनवरची बाई सुनेला म्हणाली होती, "काय करावं ताई, सगळेच सांगतेत नांदेड सोडलं म्हणून. आणि गाडी घरीच धुवायलेत."

हे ऐकून मला आमच्या ह्यांची आठवण झाली. ते "निघालोच" म्हणत तेव्हा बहुतेक वेळा गाडीखाली आडवे झालेले असत.

आणि त्या काळातली मी! ती पोरगी आता समोर आली तर मी तिला पाटावर बसवून नुसती पाहत राहीन, इतकी ती करमणुकीची होती. लग्न नवं, घरात फोन नाही. नवरा ट्रक घेऊन उमरखेडकडं गेला की परतेल कधी याचा ठिकाणा नसायचा. पण ही बाई दीडशहाणी. तिनं आपल्या पोपटी पातळाच्या जांभळ्या काठाची लांब चिंधी फाडली, ट्रकच्या आरशाच्या दांडीला बांधली आणि पिशवी घेऊन एसटी स्टँडवर जायला लागली. निमित्त भाजीचं. उमरखेडची बस आली की कंडक्टरला गाठायचं, "भाऊ, जांभळ्या चिंधीची गाडी दिसली काय वाटेत?"

"दिसली ना वहिनी. महागावच्या अलीकडं. ड्रायव्हर चहा पिऊन राह्यलता."

झालं. ही घरी धावत यायची, पीठ मळायची, तवा टाकायची. तवा तापायचा, निवायचा, पुन्हा तापायचा. हे येईपर्यंत भाकरीचा चपलेला तळ शिवता आला असता. कंडक्टरनं गाडी पाहिली केव्हा आणि आता ती असेल कुठं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तिच्या डोक्यात शिरायचंच नाही. उलट शेजारणींना ऐटीत सांगायची, "आता फाट्यावर असतील हे."

एकदा मात्र एकाच दिवशी जांभळी चिंधी उमरखेडलाही दिसली, घाटंजीलाही दिसली आणि यवतमाळच्या नाक्यावरही दिसली. उमरखेडचं ठीक. पण घाटंजीला यांचं काय काम? ही दिवसभर तोंड फुगवून बसली. नवरा आला तसा पाण्याचा गडू त्याच्यापुढं आदळून म्हणाली, "घाटंजीले कोन हाय तुमचं?"

"सासू हाय व," ते म्हणाले. "तुह्यं माहेर नाई का थे? पन आज मी तिकडं गेलोच नाई."

उलगडा दुसऱ्या दिवशी ओट्यावर झाला. घाटंजीच्या बाजारात एका कापडवाल्याकडून गल्लीतल्या आम्ही तिघींनी एकदमच पातळं घेतली होती, एका रंगाची, एका काठाची, एकदम घेतली की स्वस्त पडतात म्हणून. तिघींचेही नवरे ट्रकवर. माझी युक्ती आवडून त्या दोघींनीही आपापले काठ फाडले होते. म्हणजे तीन ट्रक एकच चिंधी मिरवत तालुक्यातालुक्यात फिरत होते आणि मी तिन्हींच्या नावानं भाकरी टाकत होते. त्यानंतर हे कित्येक दिवस निघताना चिंधीला हात लावून विचारायचे, "आज मी कोनाचा नवरा हावो?"

आता एवढं शिकल्यावर माणसानं शहाणं व्हायला हवं की नको? दसऱ्याला मी काय केलं ते ऐका.

दसऱ्याला आमच्या घरी कामाच्या वस्तूंची पूजा असते. देवघरापुढं पाटावर गाडीचे पाने, टायर खोलायची टॉमी, जॅक, माझा विळा. सुनेचा मोबाइलसुद्धा घटकाभर ठेवतो. ट्रक आदल्या दिवशीच भरून, ताडपत्री बांधून अंगणात उभा होता. मी स्टिअरिंगला कुंकू लावायला वर चढले, तर सीटखाली ती डबी दिसली. मनात आलं, गाडीत सगळ्यात जास्त जागते ती ही, आणि हिलाच पूजा नाही? ओढून काढली. पाटावर ठेवली तशी ती जॅककडं झेपावायला लागली, म्हणून वेगळी, पाटाच्या काठाला ठेवली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं. संध्याकाळी माणसं सोनं द्यायला आली, आणि जो तो आपट्याची पानं पाटावरही वाहून गेला. सकाळी उजाडताच लेकानं जॅक, टॉमी, पाने उचलले, माझ्या पाया पडला आणि निघाला. डबी पानांखाली राहिली.

आमचा चहा चालू होता तेव्हा लातूरच्या बाईचा फोन आला. सुनेनं स्पीकर लावला.

"ताई, गाडी निघाली म्हणलात. ठिपका तर घरीच दिसायलाय."

"निघाली ना मॅडम, कवाची. महागावच्या जवळ गेले असतील."

"मग मी तुमचं ऐकू का ठिपक्याचं?"

सून अंगणात जाऊन आली, जसा काही ट्रक तिच्या नजरेतून सुटला असावा. लेकाला फोन लावला. तो खरंच महागावला पोचला होता. ठिपका मात्र आमच्या छपरावर बसलेला. दोन बोटांनी तिनं तो मोठा केला, आणखी मोठा केला.

माझ्या जिभेला खाज. "देवघर दिसते काय व त्यात?"

"नाई. नुसतं छप्पर दिसते."

देवघर म्हटलं आणि मला पाट आठवला. मी उठले, पानं बाजूला सारली. डबी होती. कुंकवानं लाल, फूल डोक्यावर, अगदी प्रसन्न.

सुनेनं डबी पाहिली, मग मला पाहिलं. ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "आई, पहिलीच खेप हाय वं," एवढंच म्हणाली.

"सांग तिले, डबी बिघडली म्हनून," मी म्हटलं. "तुह्ये सासरे त कधी टायर फोडायचे, कधी पट्टा तोडायचे. तोंडानं."

"डबी चालू हाय थे तिले तिकडं दिसून राह्यलं, आई. बिघडली कशी म्हनू? अन् पहिल्याच दिवशी खोटं सापडलं त मंग लिंक द्याची कायले?"

आणि तिनं फोन लावून सगळं खरं सांगितलं. पाट, कुंकू, आपट्याची पानं, सासू. बाईनं एकच विचारलं,

"पूजेत?"

"हो मॅडम. फोटो पाठवू काय?"

फोटो गेला. मग पलीकडून असा आवाज आला की बाई रडते की खोकते कळेना. ती हसत होती. हसणं आवरून म्हणाली, "माझा विश्वास बसला ताई. पण फाटकावरचा माणूस पडदाच बघतो, माझं ऐकत नाही. मोबाइलचं लोकेशन आमच्यात चालत नाही, डबीच पाहिजे. कसं बी करून डबी गाडीत घाला."

भरलेला ट्रक मागं फिरवायचा तर दिवस जाणार आणि नंबरही जाणार. लेक तोवर महागाव सोडून पुढं गेला होता, तो उमरखेडला थांबू शकत होता. डबी तिथवर न्यायला हवी होती, आणि सुनेला फोन सोडून उठता येत नव्हतं. मी कपाटावरची पिशवी काढली.

"कुठं चालल्या?"

"स्टँडवर. पन आता भाजीचं निमित्त नाई."

उमरखेडच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. डबी मांडीवर, रुमालात. बस आर्णीच्या बाहेर पडली तोच सुनेचा फोन. "आई, निघाल्या तुमी! मले दिसून राह्यल्या!"

काय सांगू, अंगावर काटा आला. जन्मभर मी दुसऱ्याला शोधत स्टँडवर उभी राहिले, आणि आता मीच ठिपका. मी जरा सरळ बसले. पदर नीट केला. सुनेनं लाख सांगितलं होतं की डबीला माणूस दिसत नाही, पण उगीच कशाला?

पुढं एका गावाबाहेर बस थांबली. लगेच फोन.

"आई, काहून थांबल्या?"

मी खिडकीतून पाहिलं. "ढोरं हायेत," म्हटलं. "चांगला कळप हाय. एक पांढरी गाय हलायलेच तयार नाई." मोबाइलला जे दिसत नव्हतं ते मी तिला बस हलेपर्यंत सांगत बसले. शेजारची बाई माझ्याकडं संशयानं पाहायला लागली. मी तिला म्हटलं, "मी ट्रक हाय." तिनं पिशवी उचलली आणि मागच्या सीटवर गेली.

महागावच्या स्टँडात बस शिरली तेव्हा लातूरच्या बाईनं सुनेला फोन केल्याचं मला नंतर कळलं. "ताई, तुमचा ट्रक एसटी स्टँडात घुसला की हो!"

"सासूबाई हायेत थ्या, मॅडम."

"माहीत आहे. मी सगळ्या ऑफिसला दाखवायलेय."

उमरखेडला लेक रस्त्याकडेला ट्रक लावून उभा होता. मला पाहून आधी कपाळाला हात लावला, मग हसला. डबी सीटखाली नेली तशी तिनं खट्‌कन लोखंड धरलं. कुंकू पुसू का, म्हणाला. मी म्हटलं, "राहू दे, त्या बाईले त्यानंच त पटलं." तो गेला. त्या पडद्यांवर ट्रक पुन्हा ट्रक झाला आणि मी कोणाला दिसेनाशी झाले. मग मी स्टँडसमोर गरम भजी घेतली. दुसरी प्लेट आली तेव्हा सुनेचा फोन वाजला.

"आई, बसमधी बसल्या काय?"

"निघालोच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मोबाइलपुढं बसलो. ठिपका कारखान्याच्या फाटकापाशी आला आणि थांबला. या वेळी मी ढोरांची चौकशी केली नाही. मग ठिपका हलला, आत गेला, आणि थोड्या वेळानं लेकाचा फोन आला, नंबर लागला, गाडी खाली होऊन राह्यली. सुनेनं मोबाइल पालथा ठेवला आणि चहा टाकला. साखर दोनदा घातली, मी गुपचूप प्यायले.

खेपा चालू आहेत. ट्रक निघाला की लातूरच्या बाईचा फोन येतो. ठिपका दिसला, असं ती सांगते आणि मग विचारते, "मावशी कुठं आहेत?"

"घरीच हायेत, मॅडम. समोर बसल्या हायेत."

"आवाज ऐकवा."

मी मोबाइलजवळ तोंड नेऊन "हॅलो" म्हणते. तेव्हा कुठं ती आमच्या ट्रकचा नंबर लावते.