वरसून

त्याने आधी कुंकू पुसलं.

टिश्यू पेपर काढला, दोन बोटांत धरला आणि माझ्या फोनच्या पाठीवर आईने लावलेलं कुंकवाचं बोट घासून पुसलं. टिश्यू टेबलाखालच्या डब्यात टाकला. मग सॅनिटायझरची बाटली दाबून हात चोळले. हे सगळं आमच्यासमोर. आई माझ्या मागच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. तिने पाहिलं. मीही पाहिलं. 

प्रभादेवीचं सर्व्हिस सेंटर. नाव सर्व्हिसचं, पण दारात उभं राहिलं की चपला बाहेर काढायच्या की काय असं वाटावं इतकी चकचकीत लादी. आईने खरंच काढल्या होत्या. वॉचमन हसून म्हणाला, "पहनके जाओ, मौसी." ती परत घालताना तिचा तोल गेला, मी हात धरला. आत जायच्या आधीच आम्ही अर्ध्या झालो होतो.

फोन नवा होता. अगदी नवा. डब्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा आईने घडी करून ठेवलं होतं. मी घरोघर जाऊन पार्लरचं काम करते. एका अ‍ॅपवर. फेशियल, वॅक्सिंग, लग्नाचा मेकअप. बुकिंग फोनवर येतं, पत्ता फोनवर, गिऱ्हाईक बाईने सांगितलेला ओटीपी फोनमध्ये टाकल्याशिवाय काम सुरूच होत नाही. फोन बंद म्हणजे मी बंद. जुना फोन सारखा अडकायचा म्हणून हप्त्यावर हा घेतला. जाहिरातीत तो फोन पाऊस, धूळ, वाळवंट सगळीकडून धावत होता. माझ्या हातात आल्यावर त्याला परळ ते दादरसुद्धा झेपेना.

पहिल्याच आठवड्यात तापायला लागला. इतका की कानाला लावता येईना. मग दादरला एका बाईंच्या घरी, त्यांच्या चेहऱ्यावर लेप लावलेला असताना, स्क्रीनवर एक हिरवी रेघ आली आणि फोन काळा झाला. पुन्हा सुरू झालाच नाही. काम पूर्ण झाल्याची नोंद करता आली नाही. अ‍ॅपच्या हिशेबी मी ते काम अर्धवट टाकून पळाले. त्या बाई चांगल्या, त्यांनी समजून घेतलं. अ‍ॅप कशाला समजून घेतंय.

दुकानदार म्हणाला, आम्ही फक्त विकतो. हेल्पलाइनवरचं मशीन म्हणालं, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा असल्यामुळे बहुधा कोणी उचलत नव्हतं. शेवटी सर्व्हिस सेंटरची वेळ मिळाली. आई म्हणाली, मीपण येते. ती लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं काढायला बसते, त्या दिवशी तिने सुट्टी टाकली. माझ्या फोनसाठी.

काउंटरवरचा तो माणूस माझ्याच वयाचा असेल. गळ्यात कंपनीचा पट्टा. मराठीच होता. बोलणं स्वच्छ, धुतलेलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, आपला माणूस आहे, नीट ऐकेल.

कुंकू पुसून झाल्यावर त्याने फोन उलटसुलट केला. उघडला नाही. अजून स्क्रूसुद्धा काढला नव्हता. नुसता कीबोर्डवर हात ठेवला आणि विचारलं, फोनचा पाण्याशी काही संबंध आला होता का?

मी नाही म्हणाले.

आणि मागून आई बोलली. तिला काय वाटलं ते मला आता कळतं. तिला वाटलं, साहेब विचारतोय की नवी वस्तू रीतीने घरात घेतली की नाही. आमच्या घरात काहीही नवं आलं की आई उंबऱ्यात तांब्या घेऊन उभी. बाळ असो, सून असो, मिक्सर असो. पाणी तीनदा ओवाळायचं आणि नेऊन मोरीत टाकायचं. दृष्ट, बाहेरची बाधा, जे काय असेल ते त्या पाण्याबरोबर गेलं. फोन आणला तेव्हाही तिने हेच केलं होतं. मी फोन हातात धरून दारात उभी, वरून तांब्या फिरतोय, शेजारच्या बायका हसतायत. फोनवर एक थेंब पडला नाही. आईचा हात तसा पडू देत नाही.

घरी आई मालवणीत बोलते. घरी असती तर म्हणाली असती, "फोनावरसून पाणी ओवाळून टाकलंय." पण ते घर नव्हतं. समोर धुतलेलं मराठी होतं. आई सावरून बसली, पदर सारखा केला आणि शुद्ध बोलायला गेली.

"हो तर," ती म्हणाली, "मी फोनवर पाणी ओवाळून टाकलं ना. आणला त्याच दिवशी."

वरसून म्हणजे वरून. शुद्ध बोलण्याच्या नादात तिचं 'सून' गळलं. 'वर' उरलं.

तो हसला. फार नाही, ओठांच्या कोपऱ्यात. "म्हणजे टाकलंत पाणी," म्हणाला आणि टाइप करायला लागला.

मी घाईघाईने सांगायला लागले. तसं नाही, ते ओवाळणं असतं, पाणी मोरीत टाकतात. त्याने मला मध्येच थांबवलं. त्याचे शब्द मी विसरणार नाही.

"ओवाळणं मला कळतं, मॅडम. माझी आईसुद्धा ओवाळते. पण आमच्या सिस्टिममध्ये ओवाळणं नाहीये. पाणी आहे."

म्हणजे त्याला कळलं होतं. हेच मला आजही जाळतं. न कळणारा असता तर मी त्याला सोडून दिलं असतं. याला सगळं कळलं होतं. तांब्या, उंबरा, मोरी, सगळं. कळून त्याने लिहिलं की ग्राहकाने फोनवर पाणी ओतल्याचं स्वतः कबूल केलं. वॉरंटी लागू नाही. इंग्रजीत लिहिलं, कागद छापून काढला, वाचून मात्र मराठीत दाखवलं. मोठ्याने. मग शेजारच्या काउंटरवरच्या मुलीला म्हणाला, "अजून एक पूजा केस." ती हसली. रांगेतले दोघंतिघं हसले. आईसुद्धा हसली. सगळे हसतायत तर हसावं, म्हणून. त्या हसण्याकडे मला बघवेना.

फोन त्यांनी तपासणीसाठी ठेवून घेतला. घरी येताना आई लालबागच्या सिग्नलजवळ म्हणाली, "माझ्यामुळा तुझो धंदो बुडालो मां?"

मी नाही म्हणाले. अगं, पाणी लागलंच नव्हतं, तो फोनच भिकार निघाला, हे दहादा सांगितलं. पण तिने ते कागदावर लिहिलेलं ऐकलं होतं. आईच्या पिढीला कागदावरचं खोटं असू शकतं हे पटतच नाही. आणि मी कोण, तिची मुलगी. मी तिचीच बाजू घेणार.

दोन दिवसांनी सर्व्हिस सेंटरचा मेसेज आला. तपासणी झाली, पाण्यामुळे बिघाड, दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने. मी फोन करून विचारलं, आत पाणी दिसलं का, मला दाखवा. उत्तर आलं, ग्राहकांना आत प्रवेश नाही. त्यांनी फोन उघडला तरी की नाही, देव जाणे. मला वाटतं, उघडायची गरजच नव्हती त्यांना. आईने कबुली दिली होती.

तोवर मी शेजारणीच्या मुलाचा जुना फोन मागून आणला होता. त्यावर अ‍ॅप धड चालेना. बुकिंग यायचं आणि मी उचलेपर्यंत जायचं. मग अ‍ॅपने माझा आयडीच बंद केला. कारण, सतत कामं नाकारते. भांडून भांडून मी थकले. तरीही सांगते, मी गप्पच बसले असते. दुसरा कुठला तरी जुना फोन घेतला असता आणि लागले असते कामाला. आपल्याकडे असंच असतं, म्हणून सोडून दिलं असतं.

पण शेजारच्या खोलीतली सून बाळंतपणाहून घरी आली.

आमच्या मजल्यावर बाळ आलं की आईला हाक मारतात. कोणी ठरवलेलं नाही, पण तांब्या तिच्याच हातात देतात. त्या दिवशीही सून दारात उभी, बाळ कुशीत, सासूने तांब्या भरून आईपुढे धरला. आई मागे सरकली.

"माझ्या हातान नको," म्हणाली. "माझो हात लागलो की वस्तू बिघाडता."

सासूला वाटलं, थट्टा करतेय. तांब्या तसाच पुढे. आईने हात पाठीमागे नेले. लहान मूल खाऊ लपवतं तसे. शेवटी सासूनेच ओवाळलं. आई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून भाजी निवडत बसली.

मी दारात उभी होते. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती काय, ते तेव्हा कळलं. माझा फोन गेला, ठीक. काम गेलं, तेही पुन्हा उभं करीन. पण या बाईचा हात. ज्या हातावर सगळ्या मजल्याचा भरवसा, त्या हाताला यांनी दोषी ठरवलं. खराब माल विकायचा आणि खापर एका म्हातारीच्या तांब्यावर फोडायचं. तेही तिच्याच तोंडून वदवून.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. प्रभादेवीला. चपला काढायचा विचारसुद्धा मनात आला नाही.

माझ्या पुढे एक गृहस्थ होते. हाफ पॅन्ट, महागडे बूट, हातात माझ्यासारखाच फोन. तोच रंग. इंग्रजीत सांगत होते, फोन तापतो, मग एक हिरवी रेघ आली आणि बंद पडला. इतकं इंग्रजी मला कळतं. काउंटरवर तोच माणूस. त्याने सॉरी म्हटलं, दोनदा. बसा म्हणाला, पाणी मागवलं. प्यायला. फोनचा पाण्याशी काय संबंध, हे काही विचारलं नाही. या लॉटमध्ये प्रॉब्लेम आहे सर, बदलून देतो, असं म्हणाला.

माझा नंबर आला. मी बसले नाही.

"त्यांना पाण्याचं का नाही विचारलंत?"

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, त्यांची केस वेगळी आहे. मी विचारलं, वेगळं काय आहे? रेघ तीच, फोन तोच. फक्त आई वेगळी. आवाज चढला असावा माझा, कारण आतून मॅनेजर आले. गोड बोलणारे. मला बाजूला घेतलं. म्हणाले, तुमचं नुकसान व्हावं असं आम्हालाही वाटत नाही. एक काम करा, पाण्याने बिघडला हे मान्य आहे असं लिहून द्या, आम्ही खास बाब म्हणून अर्ध्या खर्चात करून देतो. उद्या फोन तुमच्या हातात.

खरं सांगते, मन डळमळलं. उद्या फोन. परवा काम. आयडी सुरू. पेन त्यांनी उघडूनच धरलं होतं.

मग मला आईचे पाठीमागे नेलेले हात दिसले.

"आधी माझ्या आईचं वाक्य नीट लिहा," मी म्हणाले.

मॅनेजर म्हणाले, मॅडम, तुम्हाला फोन हवाय की वाद? एका शब्दाने काय फरक पडतो?

"पडतो. 'वर' म्हटलं की पाणी फोनवर पडतं. 'वरसून' म्हटलं की मोरीत. लिहा, वरसून."

"हा शब्द कुठला?"

"आमचा."

काउंटरवरचा तो माणूस खाली मान घालून बसला होता. 'वरसून' ऐकून त्याने क्षणभर वर पाहिलं होतं. त्याला शब्द माहीत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले, तो कीबोर्डकडे. पेन मी परत केलं. फोनही तिथेच ठेवला. घेऊन जा म्हणाले, मी म्हटलं, ठेवा. तुमचा माल आहे, तुम्हीच सांभाळा. गेटवरच्या वॉचमनने मला सलाम केला की मान खाजवली, कोण जाणे.

आता फोन घेऊन जा असे त्यांचे मेसेज येतात, शेजारणीच्या मुलाच्या फोनवर. मी जात नाही. ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. ओळखीचे एक वकील म्हणाले, आईला कशाला मध्ये आणतेस, बाई घाबरेल, काहीतरी भलतंच बोलेल. इंग्रजीत अर्ज देऊ, फोन मिळून जाईल. मी त्यांना सांगितलं, अर्ज द्या. पण फोन मिळून केस मिटणार असेल तर मला ती मिटवायची नाही. ते वाक्य खोडलं गेलं पाहिजे. जिच्या तोंडी घातलं तिच्या समोर खोडलं गेलं पाहिजे.

काल रात्री आईला सांगितलं, तारीख लागली की तुला यायचंय. ती देठं काढून तिखट झालेली बोटं पदराला पुसत राहिली. म्हणाली, "माका शुद्ध बोलूक येणा नाय."

"नकोच बोलूस," मी म्हणाले.

आयोगापुढे ती मालवणीत बोलेल. कळलं नाही तर पुन्हा बोलेल, आणि तरीही नाही कळलं तर कळणारा माणूस बोलावून आणा. तो कंपनीच्याच काउंटरवर बसलाय. समोरचा हात 'वरसून' असं लिहीत नाही तोवर मी तिथून उठणार नाही, आणि आईलाही उठू देणार नाही.